नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट : नवी मुंबईतील एका सेवेचे परीक्षण

घणसोलीतील आमच्या सोसायटीने ताबा मिळाल्यानंतर तिसऱ्याच वर्षी एका सल्लागार संस्थेकडून इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतले. त्या संस्थेच्या कामाचे हे परीक्षण आहे. तिचा अहवाल सध्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात पुरावा म्हणून दाखल असून विकासकाच्या वकिलांनी त्यावर हरकती घेतल्या आहेत. त्यामुळे संस्थेचे, विकासकाचे किंवा सोसायटीचे नाव येथे देणे योग्य होणार नाही. नावावाचून परीक्षणाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ठाणे, कळवा, ऐरोलीपासून उलवे आणि तळोज्यापर्यंत कितीतरी नव्या सोसायट्यांमध्ये गिलाव्याचे पोपडे पडू लागले की ऑडिट करून घेतले जाते, पण ते बहुधा दुरुस्तीचा खर्च किती येईल हे काढण्यापुरते असते. भरपाई मागायची असेल तर तसा अहवाल तोकडा पडतो. दोष काय आहे, तो कधीपासून आहे आणि तो कोणाच्या कामातून आला, या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात आहेत का, याच कसोटीवर मी ही सेवा तपासली आहे.

कायदा काय देतो ते आधी सांगितले पाहिजे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो त्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील संरचनात्मक दोष किंवा कारागिरी, दर्जा व सेवांमधील उणीव विकासकाच्या निदर्शनास आणून दिली, तर त्याने ती ३० दिवसांत कोणतेही शुल्क न घेता दुरुस्त करायची असते. तसे न केल्यास सदनिकाधारकाला योग्य नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे. भरपाईची रक्कम कलम ७१ खालील न्यायनिर्णायक अधिकारी ठरवतो आणि विकासकाने ती भरली नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कलम ४० मध्ये आहे. वाचताना सगळे सोपे वाटते. अडचण अशी की दोष ‘निदर्शनास आणून दिला’ हे तारखेनिशी सिद्ध करावे लागते, आणि विकासक पहिल्याच उत्तरात सांगतो की दोष बांधकामाचा नसून रहिवाशांनी केलेल्या फेरफारांचा आहे. कोणी स्वयंपाकघरातली भिंत हलवली, कोणी खिडकीला ग्रील लावताना ड्रिल मारले, कोणी शौचालयाच्या फरशा बदलल्या. शंभर घरांच्या इमारतीत असे काही ना काही प्रत्येकाने केलेले असतेच.

आम्हाला ताबा २०१८ च्या दसऱ्याला मिळाला. पहिल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यांवर ओल आली, ती सगळ्यांनी नवीन इमारत म्हणून सोडून दिली. २०२० च्या पावसाळ्यात पार्किंगच्या स्लॅबचा गिलावा दोन ठिकाणी कोसळला आणि आतल्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. एरवी अशा वेळी रहिवासी विकासकाच्या कार्यालयासमोर जाऊन बसतात, स्थानिक वृत्तपत्रांत फोटो येतो आणि चार दिवसांत कोणीतरी साईट इंजिनिअर वही घेऊन हजर होतो. नवी मुंबईत ही पद्धत नवी नाही. परंतु महाराष्ट्रात १३ मार्च २०२० पासून साथरोग अधिनियम, १८९७ लागू झालेला होता, पाठोपाठ देशभर आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखालील टाळेबंदी आली होती आणि जमावबंदीचे आदेश मुदत संपताच पुन्हा निघत होते. मुखपट्टी लावून, अंतर राखून, दहाच माणसे विक्री कार्यालयासमोर फलक घेऊन उभी राहतील, असा अर्ज आम्ही पोलीस ठाण्यात दिला. नकार तोंडी मिळाला. तो लेखी द्यावा ही विनंती केली तेव्हा उत्तरच आले नाही.

येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते, कारण या नकारातूनच पुढे ऑडिटकडून असलेली आमची अपेक्षा वाढली. शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) मध्ये आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. एप्रिल २०२० मध्ये गर्दीवर घातलेली बंदी वाजवी नव्हती असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे साथ येण्याच्या उंबरठ्यावरच, स्पष्ट केले होते की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालील जमावबंदीचे आदेश कारणांसह काढले पाहिजेत, ते प्रसिद्ध झाले पाहिजेत, आणि मताची रास्त अभिव्यक्ती दाबण्यासाठी ते वापरता येणार नाहीत. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला दिल्लीतील शाहीन बागेच्या धरणे-आंदोलनाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही सांगितले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येत नाही आणि आंदोलन नेमून दिलेल्या जागीच व्हावे. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर दहा माणसांच्या तासाभराच्या निदर्शनाला नियमांत बसवणे अशक्य नव्हते.

खटकली ती विकासक आणि रहिवासी यांना मिळालेल्या वागणुकीतली तफावत. महारेराने, म्हणजे रेराखालील राज्याच्या प्राधिकरणाने, १८ मे २०२० च्या आदेशाने साथ ही अपरिहार्य आपत्ती मानून विकासकांना प्रकल्प पूर्ण करण्यासाठी ६ महिने वाढवून दिले, ते समजण्यासारखे होते, कारण मजूर गावी गेले होते आणि साहित्य येत नव्हते. पुढे १ सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्कात वर्षअखेरपर्यंत ३ टक्क्यांची सूट दिली. त्या दसरा-दिवाळीत ज्या विक्री कार्यालयासमोर आम्हाला उभे राहू दिले नव्हते, त्याच कार्यालयात घर घेणाऱ्यांची इतकी वर्दळ होती की बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. घर विकत घेण्यासाठी जमलेल्यांना हात धुण्याचे द्रव्य आणि पाण्याची बाटली मिळत होती. घेतलेल्या घराबद्दल तक्रार करणाऱ्यांना मात्र साथ पसरेल म्हणून परत पाठवले जात होते. आम्ही मग आपापल्या ग्रीलला काळे कापड बांधले आणि त्यावर सदनिकेचा क्रमांक व दोष लिहिला. घरातूनच निषेध करण्याची कल्पना काही आमची नव्हती. त्याच वर्षी २२ मे रोजी राज्यातल्या तेव्हाच्या प्रमुख विरोधी पक्षानेही, म्हणजे भाजपने, आपापल्या अंगणात उभे राहून आंदोलन केले होते. फरक एवढाच की त्यांच्या अंगणात कॅमेरे पोहोचले. २४ जून २०२१ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी बेलापूरला सिडको भवनावर हजारो भूमिपुत्र जमले, तेव्हाही निर्बंध लागू होतेच. त्या मागणीचे मोल कमी करण्याचा हेतू नाही, पण संख्या आणि राजकीय बळ असेल तर साथीतही रस्ता मिळतो आणि एका इमारतीच्या गळतीसाठी तो मिळत नाही, हे शहराने त्या वर्षी पाहिले.

रस्ता बंद असल्यामुळे आमच्याकडे कागद उरला, आणि तो पक्का असायला हवा होता. २०२१ च्या सुरुवातीला तीन दरपत्रके मागवून या संस्थेची निवड झाली. ती सर्वांत स्वस्त नव्हती. १८ टक्के जीएसटी धरून प्रत्येक सदनिकेमागे साधारण अडीच हजार रुपये पडले. निवडीचे कारण असे की बाकीच्या दोघांनी केवळ डोळ्यांनी पाहणी आणि हॅमर चाचणी (काँक्रीटचा कडकपणा ठोक्याने मोजणारी) देऊ केली होती, तर या संस्थेने चाचण्यांची यादी देऊन प्रत्येक चाचणी कोठे घेणार हे नकाशावर खुणा करून दाखवले होते.

काम सुरू होण्याआधी संस्थेने एक गोष्ट सुचवली, आणि माझ्या मते संपूर्ण शुल्काची किंमत तीच होती. तपासणीची तारीख व वेळ कळवणारी नोटीस विकासकाला नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पाठवा, त्यांचा अभियंता हजर राहू शकतो असे त्यात लिहा, आणि तो न आल्यास दोन रहिवाशांच्या सह्यांनी तसा पंचनामा करा, असे त्यांच्या प्रमुख अभियंत्याने सांगितले. विकासकाचा माणूस आला नाही. आज विकासकाचे वकील ‘आमच्या गैरहजेरीत नमुने घेतले’ असे म्हणतात तेव्हा आमच्याकडे पोचपावती आहे. काँक्रीटचे दंडगोलाकार नमुने कापल्यावर प्रत्येकावर सदनिकेचा व कॉलमचा क्रमांक तैलरंगाने लिहून, पिशवीला लाखेचे सील लावून, ते एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवले गेले. दुरुस्तीपुरत्या ऑडिटमध्ये एवढी काळजी कोणी घेत नाही, आणि घेण्याची गरजही नसते.

चाचण्यांपैकी हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्या सर्वच संस्था घेतात. ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले आणि ३ च्या खाली गेला तर शंकास्पद, एवढे ठोकताळे लक्षात ठेवले तरी अहवालातील तक्ता कोणालाही वाचता येतो. आमच्या बहुतेक कॉलमांचा वेग मध्यम गटात आला. कोअर, म्हणजे कापून काढलेल्या दंडगोलाकार नमुन्यांच्या, चाचणीत मात्र नीट लक्ष घालावे लागते. करारनाम्याच्या परिशिष्टात काँक्रीटची प्रत एम ३०, म्हणजे चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीची, लिहिलेली होती. काँक्रीट बांधकामासाठीच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे कोअर नमुन्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि कोणताही एक नमुना ७५ टक्क्यांच्या खाली नसावा, म्हणजे आमच्या बाबतीत अनुक्रमे २५.५ आणि २२.५. संस्थेने नमुन्यांचे आकडे नुसते दिले नाहीत, तर करारनाम्याच्या पानाचा क्रमांक देऊन ते या मर्यादांच्या शेजारी मांडले. त्यामुळे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत कमी, हे वेगळे शोधावे लागत नाही.

कार्बोनेशनची चाचणी मी स्वतः जवळ उभा राहून पाहिली. वॉचमनच्या खोलीलगतच्या कॉलमचा कोपरा छिन्नीने नुकताच फोडलेला होता. तरुण अभियंत्याने त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे पारदर्शक द्रावण फवारले आणि क्षणार्धात आतला भाग गुलाबी झाला, मात्र बाहेरच्या कडेचा पट्टा तसाच राखाडी राहिला. गुलाबी भागात काँक्रीटची अल्कधर्मिता शाबूत असते आणि ती सळईचे गंजापासून रक्षण करते. रंग न चढलेल्या भागात हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून ते संरक्षण संपलेले असते. अभियंत्याने पट्टीने राखाडी पट्टा मोजला, मग सळईपर्यंतचे अंतर मोजले. सळई राखाडी भागातच होती. सळईवर काँक्रीटचे जितके आवरण नकाशात दाखवले होते, त्याच्या निम्मेही त्या कोपऱ्यात नव्हते. तीन वर्षांत कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचते ते आवरण पातळ असल्यामुळे किंवा काँक्रीट सच्छिद्र असल्यामुळे, आणि ही दोन्ही कामे ओतकामाच्या दिवशीची आहेत. रहिवाशाने नंतर लावलेल्या ग्रीलचा तेथे काहीही संबंध पोहोचत नाही.

याहून महत्त्वाची होती ती क्लोराइडची, म्हणजे सळया गंजवणाऱ्या क्षाराची, चाचणी, आणि येथे आम्हालाच संस्थेला सुचवावे लागले. मूळ यादीत प्रत्येक ठिकाणाहून एकच नमुना घेऊन एकूण क्लोराइड मोजायचे होते. मानक ४५६ मध्ये प्रबलित काँक्रीटसाठी घनमीटरला ०.६ किलोग्रॅमची मर्यादा आहे, आणि आकडा त्याहून जास्त आला की विकासक म्हणणार, ‘खाडीकाठची हवा आहे, खारे वारे लागणारच.’ आमच्याच सोसायटीतील एका निवृत्त रसायन अभियंत्याने सुचवले की एकाच जागी पृष्ठभागापासून आत वेगवेगळ्या खोलीवरची काँक्रीटची भुकटी घ्यावी. क्लोराइड बाहेरून आले असेल तर पृष्ठभागाशी सर्वांत जास्त आणि आत जाता जाता कमी होत गेलेले दिसते. सर्व खोलींवर जवळपास सारखेच असेल, तर ते कालवतानाच वाळूतून किंवा पाण्यातून आत आले आहे. संस्थेने ही सूचना लगेच मान्य केली आणि वाढीव नमुन्यांचे फक्त प्रयोगशाळेचे शुल्क घेतले. चार ठिकाणांपैकी तीन ठिकाणी आकडे सारखे आले. न धुतलेल्या खाडीच्या वाळूकडे बोट दाखवणारा इतका सरळ पुरावा आमच्या दाव्यात दुसरा नाही. खाडीकाठच्या गावात काम करणाऱ्या संस्थेने खोलीनिहाय क्लोराइड चाचणी मूळ यादीतच ठेवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण कोठून आले याला एवढे महत्त्व का, हे आयर्लंडमधील प्रकरणावरून चांगले कळते. त्या देशाच्या वायव्येकडील डोनेगल आणि पश्चिमेकडील मेयो या परगण्यांत हजारो घरांच्या भिंतींना जाळीसारखे तडे गेले आणि ठोकळे हाताने चुरगळता येऊ लागले. ठोकळ्यांसाठी वापरलेल्या खडीतच दोष होता. डोनेगलमध्ये अभ्रकाचे, म्हणजे मायकाचे, प्रमाण जास्त असल्याचे तर मेयोत पायराइटचे निदान झाले. सरकारने २०२० मध्ये दुरुस्तीच्या खर्चाचे ९० टक्के अनुदान देणारी योजना आणली, पण घर पाडून बांधण्यासाठी तिची कमाल रक्कम अपुरी होती आणि पात्रतेसाठी लागणाऱ्या महागड्या चाचणीचा खर्च घरमालकाने आधी खिशातून करायचा होता. साथ चालूच होती. अंतर राखण्यासाठी त्यांचे संसदेचे कामकाजही नेहमीची वास्तू सोडून संमेलन केंद्रात चालत होते. तशा काळात १५ जून २०२१ रोजी आणि पुन्हा ८ ऑक्टोबरला हजारो घरमालक डब्लिनमध्ये मोर्चाने आले आणि त्यांनी १०० टक्के भरपाई मागितली. ३० नोव्हेंबर २०२१ ला सरकारने सुधारित योजना जाहीर केली. अंदाजित खर्च २.२ अब्ज युरो आणि एका घरामागे कमाल ४,२०,००० युरो. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढे ही मर्यादा आणखी वाढवली गेली. काँक्रीटच्या उत्पादनांवर सप्टेंबर २०२३ पासून ५ टक्के उपकर लावून काही भार त्या उद्योगावरही टाकण्यात आला.

आमच्या दृष्टीने त्यातील बोलका बदल चाचणीच्या खर्चाचा आहे. सुधारित योजनेत घरमालकाने प्राथमिक पाहणीचा अहवाल द्यायचा असतो आणि पुढची खर्चिक प्रयोगशाळा तपासणी सरकारी गृहनिर्माण संस्था करून घेते. आपल्याकडे महारेराकडे तक्रार दाखल करण्याचे शुल्क ५,००० रुपये आहे, ते परवडण्यासारखे आहे. पण दोष सिद्ध करण्याचा खर्च पूर्णपणे रहिवाशांवर पडतो, आणि ज्या इमारतीत माणसे आधीच हप्ते फेडत आहेत तेथे कमिटीला तो गोळा करताना दारोदार फिरावे लागते. आयर्लंडमधील गोष्ट सगळी गोड आहे असेही नाही. पुढच्या संशोधनातून असे पुढे आले की डोनेगलमधील हानीमागे मायकापेक्षा पायऱ्होटाइट या लोहसल्फाइडाचा वाटा मोठा असावा. निदानच चुकले असेल तर वरच्या भिंती बदलून पाया तसाच ठेवल्याने भागेल का, असा पेच घरमालकांपुढे उभा राहिला. म्हणून अहवालात कारणाचे प्रकरण जितके भक्कम, तितके पुढचे पैसे वाचतात.

सरकारी भरपाईचा विषय नवी मुंबईला अगदीच परका नाही, हे जाता जाता नोंदवतो. वाशीतल्या सेक्टर ९ व १० मधील जेएन १, जेएन २ प्रकारच्या इमारती सिडकोने स्वतः बांधलेल्या होत्या. स्लॅब कोसळण्याच्या घटनांनंतर तेथील रहिवासी वर्षानुवर्षे मागण्या करत राहिले आणि अखेर २०१५ मध्ये राज्याने मोडकळीस आलेल्या सिडको इमारतींसाठी अडीच चटई क्षेत्र निर्देशांकाचा मार्ग मोकळा केला. म्हणजे सदोष घराच्या बदल्यात पैसे न देता वाढीव बांधकामाचा हक्क दिला गेला, आणि तो उपयोगात आणण्यासाठी पुन्हा विकासकच शोधावा लागला. खासगी विकासकाच्या इमारतीत तेवढेही नसते. महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी साथीच्या ऐन काळात कोसळली, तेव्हा ती काही जुनी झालेली नव्हती. अशा दुर्घटनेनंतर मृतांच्या वारसांना सरकारी मदत मिळते. इमारत पडण्याआधी जिवंत रहिवाशांना मिळेल अशी योजना मात्र आपल्याकडे नाही.

आता सेवेतील उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव मसुद्याच्या निष्कर्षात होती. बावीस पाने नीट लिहून झाल्यावर शेवटी एक परिच्छेद असा होता की ‘इमारतीचे वय, नैसर्गिक झीज आणि नियमित देखभालीचा अभाव यामुळे हानी झाल्याचे दिसते.’ ताबा मिळून तीन वर्षेही झाली नव्हती! तीस वर्षांच्या इमारतींसाठी ठेवलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला गेला होता, हे उघड आहे. हे वाक्य अंतिम अहवालात राहिले असते तर विकासकाला दुसऱ्या पुराव्याची गरज पडली नसती. आम्ही लेखी हरकत घेतल्यावर संस्थेने ते काढून प्रत्येक दोषासमोर संभाव्य कारण स्वतंत्रपणे लिहून दिले आणि उशिराबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. तरीही मसुदा वाचणारा कोणी नसता तर काय झाले असते, हा प्रश्न राहतोच.

छायाचित्रांचेही तसेच. पहिल्या प्रतीत दीडशेच्या आसपास छायाचित्रे होती आणि निम्म्यांवर ना सदनिकेचा क्रमांक होता ना तारीख. ‘बेडरूम, ओल’ एवढ्या मथळ्याचा पुराव्यात काही उपयोग होत नाही. अंतिम प्रतीत हे सुधारले, पण पुन्हा घरोघर जाऊन फोटो काढावे लागले आणि साथीच्या काळात माणसांना दुसऱ्यांदा घरात घ्यायला रहिवासी नाखूश होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी दारातूनच सुनावले, “बाळा, मागच्या वेळी भिंत बघून गेलास ना? ती काय पळून गेली?” हे मान्य करायला हवे की त्यांच्या माणसांचे वागणे सौजन्याचे होते, त्या अभियंत्याने आजींना दाराबाहेर थांबूनच आधीचा फोटो दाखवला, तारखेचे महत्त्व समजावून सांगितले आणि मगच पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून तो आत गेला.

तिसरी उणीव पैशाची आहे. अहवालावर प्रतिज्ञापत्र देणे आणि सुनावणीत अभियंत्याने स्पष्टीकरणासाठी हजर राहणे यांचे शुल्क वेगळे असल्याचे दरपत्रकात कोठेही लिहिलेले नव्हते. ते नंतर सांगितले गेले आणि रक्कम लहान नव्हती. अहवाल दाव्यासाठी हवा आहे हे पहिल्या भेटीतच सांगितलेले असताना असे व्हायला नको होते.

याउलट एका गोष्टीचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. मोठ्या तड्यांवर संस्थेने काचेच्या अरुंद पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर लाल रंगाने तारीख लिहिली. तडा स्थिर असेल तर काच अखंड राहते, हलत असेल तर तुटते. खर्च जवळपास नगण्य असलेली ही जुनी पद्धत आता बरेच जण विसरले आहेत. पावसाळ्यानंतर पोडियमच्या बीमवरील पट्ट्या मधोमध तुटलेल्या आढळल्या आणि दोष केवळ गिलाव्याचा नाही, तो पुढे सरकतो आहे, हे कोणत्याही यंत्राशिवाय दिसले. सुनावणीत विकासकाच्या बाजूने ‘हे तर केसासारखे तडे’ असा युक्तिवाद झाला, तेव्हा आमच्या वकिलांनी तुटलेल्या पट्टीचे तारखेसह छायाचित्र पुढे ठेवले.

मुदतीबद्दल एक सावधगिरी येथेच सांगतो, कारण संस्थेने त्याबाबत दिलेला सल्ला अर्धवट होता. साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कालावधी दाद मागण्याच्या मुदतीतून वगळला आहे, म्हणून घाई नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. ती सवलत न्यायालये व न्यायाधिकरणांपुढे दावे दाखल करण्याच्या मुदतीची आहे. दोष विकासकाच्या निदर्शनास आणून देण्याच्या ५ वर्षांना ती आपोआप लागू होते असे धरून चालणे धोक्याचे ठरले असते. आमच्या वकिलांनी अहवालाची वाट न पाहता प्रत्येक सदनिकाधारकाच्या सहीने स्वतंत्र नोटीस पाठवायला लावली आणि अहवाल नंतर जोडला. तांत्रिक सल्लागाराने कायद्याच्या मुदतीवर मत देऊ नये, हे बरे.

एकूण कामाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. चाचण्या, नमुन्यांची हाताळणी आणि विकासकाला दिलेली नोटीस या बाबतीत काम उत्तम आहे. अहवालाचे लेखन निष्काळजी आहे. शुल्काच्या बाबतीत पारदर्शकता हवी तेवढी नाही. ज्या सोसायटीत मसुदा ओळ न ओळ वाचणारी दोन-चार माणसे आहेत, तिने अशा संस्थेकडे जरूर जावे. ज्या सोसायटीला फक्त गळती थांबवायची आहे, तिच्यासाठी हा खर्च जास्त आहे आणि साधा दुरुस्ती सल्लागार पुरे होईल. दाव्यासाठी ऑडिट करून घेणाऱ्यांनी कार्यादेशातच लिहून घ्यावे की कोअर नमुन्यांची तुलना करारनाम्यातील प्रतीशी केली जाईल, क्लोराइड पृष्ठभागापासून निदान तीन वेगवेगळ्या खोलींवर मोजले जाईल, प्रत्येक छायाचित्रावर सदनिका क्रमांक व तारीख असेल, कारणमीमांसा दोषनिहाय असेल, आणि प्रतिज्ञापत्र, सुनावणीतील हजेरी व पावसाळ्यानंतर काचपट्ट्या पाहण्याची भेट यांचे शुल्क मूळ रकमेत धरलेले असेल. अंतिम रकमेचा तिसरा हिस्सा मसुद्यावरील हरकतींचे लेखी उत्तर मिळेपर्यंत राखून ठेवावा. आम्ही तो राखून ठेवला होता, म्हणूनच तो शेवटचा परिच्छेद बदलून मिळाला.